१९७७चा ‘स्टार वॉर्स’ कुणी जपला?

‘स्टार वॉर्स’ २५ मे १९७७ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला. तो पाहायचा म्हणून आज डिझ्नीच्या ओटीटीवर गेलात, तर सुरू होणारा चित्रपट १९७७चा नसतो. सुरुवातीला वर सरकत जाणाऱ्या पिवळ्या मजकुरातले ‘एपिसोड फोर’ हे शब्द १९८१ साली आले. गुत्त्यातल्या त्या प्रसिद्ध प्रसंगात हान सोलो समोर बसलेल्या ग्रीडोला टेबलाखालून गोळी घालून मोकळा होतो, असं मूळ चित्रपटात आहे. १९९७च्या आवृत्तीत आधी ग्रीडो गोळी झाडतो. २००४ला दोघं जवळपास एकदमच झाडतात. २०१९ला तर मरण्यापूर्वी ग्रीडोच्या तोंडी ‘मॅक्लंकी’ असा एक अगम्य शब्द घालण्यात आला. प्रसंग काही सेकंदांचा, पण त्यावरून चाहते गेली पंचवीस-तीस वर्षं भांडताहेत.

भांडण पोरकट वाटेल, पण त्याच्या पोटात एक खरा प्रश्न आहे. कोट्यवधी लोकांनी पाहिलेला चित्रपट मालकाने बदलला आणि जुना विकणं बंद केलं, तर तो उरतो कुठे? ‘स्टार वॉर्स’च्या बाबतीत तो उरला चाहत्यांकडे. त्यांनी तो कसा जपला हे पाहिलं, की डिजिटल जतन म्हणजे नेमकं काय करायचं असतं तेही कळतं.

आधी निगेटिव्हची गोष्ट. नव्वदच्या दशकात मूळ कॅमेरा निगेटिव्ह बाहेर काढली, तेव्हा ती वाईट अवस्थेत निघाली. ती ठिकठिकाणी मळली होती. काही दृश्यांसाठी वापरलेली सीआरआय जातीची फिल्म तर वीस वर्षांच्या आतच विटली होती. मग साफसफाई झाली, विटलेले तुकडे नव्याने तयार झाले आणि त्याच वेळी दिग्दर्शक जॉर्ज लुकस यांनी संगणकावर केलेली नवी दृश्यंही आत घातली. ३१ जानेवारी १९९७ला ‘स्पेशल एडिशन’ प्रदर्शित झाली. महत्त्वाची गोष्ट ही, की नवी दृश्यं त्याच निगेटिव्हमध्ये जोडली गेली आणि त्या जागचे जुने तुकडे कापून बाजूला ठेवले गेले. म्हणजे मूळ चित्रपटाची सलग निगेटिव्ह त्यानंतर राहिली नाही.

याच लुकस यांनी मार्च १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर साक्ष दिली होती. कृष्णधवल चित्रपटांना मागाहून रंग फासण्याविरुद्ध, कलाकृतीत फेरफार करण्याविरुद्ध. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत पहिले २५ चित्रपट घेतले गेले, त्यांत ‘स्टार वॉर्स’ होता. पण नोंदवहीत नाव चढलं म्हणून मालकावर तीच आवृत्ती विकायचं बंधन येत नाही. २००६ साली मूळ आवृत्ती डीव्हीडीवर आली खरी, पण ‘बोनस’ म्हणून, आणि तीही १९९३च्या लेझरडिस्कसाठी केलेल्या जुन्या व्हिडिओ मास्टरवरून. मोठ्या टीव्हीवर चित्र मधोमध आक्रसलेलं आणि भुरकट. चाहत्यांनी त्या डीव्हीडीला ठेवलेली नावं इथे छापण्याजोगी नाहीत.

निगेटिव्ह हाताशी नाही म्हटल्यावर उरतात त्या थिएटरमध्ये चाललेल्या प्रिंट. त्या भाड्याने जायच्या आणि काम झाल्यावर परत येऊन नष्ट व्हायच्या, असा नियम. नियम पाळला गेला नाही म्हणूनच काही प्रिंट संग्राहकांच्या कपाटांत उरल्या. पण प्रिंट मिळाली म्हणजे चित्रपट मिळाला असं नाही. त्या काळच्या ईस्टमन प्रिंटमध्ये निळसर-हिरवा रंग लवकर उडतो आणि सगळा चित्रपट गुलाबी होतो. टॅटूइन ग्रहावरचं वाळवंट गुलाबी, डार्थ व्हेडरचं काळं शिरस्त्राण जांभळट. शिवाय ज्या ॲसिटेटवर हा थर असतो, ते ॲसिटेट उष्णतेत आणि दमटपणात कुजतं आणि त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं. डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो, फिल्म आक्रसते, वाकडी होते, आणि एका डब्यातून ही बाधा शेजारच्या डब्यांना होते. मुंबईसारख्या हवेत हा रोग किती वेगाने पसरत असेल, हे वेगळं सांगायला नको.

यातून वाचली ती टेक्निकलर प्रिंट. टेक्निकलरच्या पद्धतीत तीन रंग छापखान्यासारखे एकावर एक फिल्मवर उतरवले जात. ते रंग पन्नास वर्षांनीही फारसे उडत नाहीत. हॉलिवूडमध्ये ही पद्धत सत्तरच्या दशकाच्या मध्याला बंद पडली होती, पण लंडनच्या कारखान्यात ती अजून चालू होती. म्हणून ‘स्टार वॉर्स’च्या काही ब्रिटिश प्रिंट टेक्निकलरमध्ये निघाल्या. नव्वदच्या दशकातल्या अधिकृत दुरुस्तीच्या वेळीही रंग ताडून पाहायला टेक्निकलर प्रिंटच घेतली होती. ‘टीम निगेटिव्ह वन’ या टोपणनावाने काम करणाऱ्या चाहत्यांच्या गटाने तशीच एक ३५ एमएम प्रिंट मिळवली. २०१८ साली बाहेर आलेल्या त्यांच्या आवृत्तीचं नाव ‘४के७७’. तिचा सुमारे ९७ टक्के भाग एकाच प्रिंटमधून घेतलेला आहे.

प्रिंटवरून फाइल कशी होते ते आता पाहू. एका फुटात १६ फ्रेम, सेकंदाला २४ फ्रेम, चित्रपट १२१ मिनिटांचा. म्हणजे फिल्मची लांबी सव्वातीन किलोमीटरच्या पुढे आणि फ्रेम सुमारे १ लाख ७४ हजार. आधी फिल्म धुतात. फाटलेली छिद्रं आणि निखळू पाहणारे जोड टेपने दुरुस्त करतात. मग ती स्कॅनरमधून जाते. प्रत्येक फ्रेम क्षणभर थांबते, मागून लाल, हिरवा, निळा प्रकाश आळीपाळीने चमकतो आणि तीन छायाचित्रं मिळून एक रंगीत चित्र बनतं. चांगल्या यंत्रात चौथा, अवरक्त प्रकाशही असतो. फिल्मचे रंग त्याला पारदर्शक असतात, धूळ नसते. त्यामुळे त्या चौथ्या चित्रात धूळ आणि ओरखडे तेवढे दिसतात आणि कुठे दुरुस्ती करायची याचा नकाशाच हाती येतो. काही यंत्रांत फिल्म एका द्रवात बुडालेली असतानाच टिपतात. द्रव ओरखड्यात भरतो आणि पडद्यावर पडणारा तो ओळखीचा पाऊस बराचसा थांबतो.

प्रिंटची सगळ्यात जास्त झीज होते ती रिळाच्या दोन्ही टोकांना, कारण ऑपरेटरचे हात तिथेच लागतात. रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात एक ठिपका क्षणभर चमकतो, मग काही सेकंदांनी दुसरा. पहिला दिसला की पुढचा प्रोजेक्टर चालू करायचा, दुसरा दिसला की चित्र त्याच्यावर न्यायचं. स्कॅन करताना हे ठिपके पुसायचे की ठेवायचे? ते चित्रपटाचा भाग नाहीत, पण १९७७च्या प्रेक्षकाने ते पाहिले होते. तसंच फिल्म तुटली की ऑपरेटर दोन-चार फ्रेम कापून टोकं जोडायचा. प्रिंटवर आवाजाची पट्टी चित्राच्या वीस-एकवीस फ्रेम पुढे असते. त्यामुळे जोड एकाच जागी असला तरी चित्र एका क्षणी उडी मारतं आणि आवाज दुसऱ्या क्षणी. असे गाळलेले क्षण दुसऱ्या प्रिंटमधून आणून भरावे लागतात. उरलेले ते ३ टक्के बहुतेक असल्याच दुरुस्त्यांत जातात.

नंतर येतो फिल्मच्या दाण्यांचा वाद. संगणक दाणे पुसून चित्र गुळगुळीत करू शकतो, पण त्याबरोबर चेहऱ्यावरचे बारकावेही पुसले जातात. ‘४के७७’वाल्यांनी शहाणपणाने दोन्ही आवृत्त्या काढल्या, दाण्यांसकट आणि दाणे कमी केलेली. मला पहिली आवडते. अर्थात फोनवर पाहणाऱ्याला हा फरक कळणारही नाही.

याच्या आधीची खटपट वेगळ्या वाटेची होती. चेक प्रजासत्ताकात राहणाऱ्या ‘हार्मी’ या टोपणनावाच्या चाहत्याने २०१०च्या सुमारास ‘डीस्पेशलाइज्ड एडिशन’ सुरू केली. त्याच्याकडे प्रिंट नव्हती. त्याने २०११ची अधिकृत ब्लू-रे पाया म्हणून घेतली आणि जिथे जिथे नवं दृश्य होतं तिथे जुनं ठिगळ लावलं. काही २००६च्या त्या बदनाम डीव्हीडीवरून, काही १६ आणि ३५ एमएमच्या स्कॅनमधून, काही स्थिरचित्रांवरून. ही एक गोधडीच झाली, आणि गोधडीसारखीच उबदार. सफाईपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे कोणता तुकडा कुठून आला, हे दाखवणारा व्हिडिओही त्याने सोबत दिला.

माझ्या मते या सगळ्या उद्योगात टिकाऊ मूल्य आहे ते याच नोंदीला. फोर-केचं चित्र उद्या जुनं होईल, याहून चांगलं स्कॅन कुणीतरी करील. पण ‘हे चित्र अमुक प्रिंटवरून, रंग तमुकवरून ताडलेला, हे दोन सेकंद दुसऱ्या रिळातून’ एवढं लिहिलेलं नसेल, तर पन्नास वर्षांनी संशोधकाच्या हाती एक देखणी फाइल पडेल आणि ती खरी की कुणी सुधारलेली, हे ठरवता येणार नाही. लुकस यांच्यावर चाहत्यांचा जो आक्षेप, तोच उद्या चाहत्यांवर येईल. त्यातून सुटायचा उपाय प्रत्येक हस्तक्षेप लिहून ठेवणं आणि मूळ, न सुधारलेलं स्कॅन फेकून न देणं, हाच.

आवाजाचंही तसंच. १९७७ला एकच ध्वनिमिश्रण नव्हतं. ७० एमएमसाठी सहा ट्रॅकचं, ३५ एमएमसाठी डॉल्बी स्टिरिओ आणि साध्या थिएटरांसाठी थोडं उशिरा केलेलं मोनो. लुकस यांच्या मंडळींनी मोनोवर शेवटपर्यंत हात फिरवला, त्यामुळे त्यात काही संवाद आणि आवाज वेगळे आहेत. नायकाच्या बेरूकाकूचा आवाजच निराळा आहे. म्हणजे त्या साली दोन शेजारच्या गावांतल्या दोन प्रेक्षकांनी थोडे वेगळे चित्रपट ऐकलेले असू शकतात, आणि दोन्ही अस्सल. चाहत्यांनी मोनोसकट ही मिश्रणं जमवून चित्रासोबत वेगवेगळ्या ट्रॅकवर ठेवली. प्रेक्षकाने हवं ते निवडावं.

आता साठवणूक. स्कॅनची प्रत्येक फ्रेम न दाबता ठेवली तर एक फ्रेम सुमारे ५१ एमबीची होते. गुणाकार केला की चित्रपट जवळजवळ ९ टेराबाइटचा. स्टुडिओ अशा फाइल एलटीओ नावाच्या चुंबकीय टेपवर ठेवतात. टेप टिकाऊ असते, पण वाचणारं यंत्र तितकं टिकत नाही. आठव्या पिढीचं एलटीओ यंत्र सातव्या पिढीची टेप वाचतं, सहाव्या पिढीची नाही. म्हणून दर काही वर्षांनी सगळं नव्या टेपवर उतरवावं लागतं, आणि हे कधी संपत नाही. ऑस्करवाल्या अकादमीने २००७ साली हिशेब मांडला होता. एका चित्रपटाचा फिल्म मास्टर सांभाळायला वर्षाला १,०५९ डॉलर, फोर-के डिजिटल मास्टर सांभाळायला १२,५१४. दर आता उतरले असतील, पण मुद्दा तोच. फिल्मचा डबा थंड, कोरड्या खोलीत विसरून गेलं तरी चालतं. डिजिटल फाइलला विसरून चालत नाही.

फाइल बिघडली हे कळायचं कसं? त्यासाठी चेकसम असतो. शा-२५६ नावाची गणिती रीत फाइलमधला शून्य-एकाचा प्रत्येक आकडा पिळून ६४ अक्षरांची एक खूण काढते. ९ टेराबाइटमधला एक बिट जरी बदलला, तरी खूण ओळखू येणार नाही इतकी बदलते. खूण वेगळी ठेवायची, अधूनमधून पुन्हा काढायची आणि ताडून पाहायची. पण चेकसम फक्त रोग सांगतो, औषध देत नाही. औषध म्हणजे दुसरी प्रत. म्हणून तीन प्रती, दोन वेगवेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावी, हा नियम.

नियम न पाळणारे कोण? मोठमोठे. पिक्सारमध्ये १९९८ला ‘टॉय स्टोरी २’चं काम चालू असताना कुणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या फाइल भराभर पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप काढून पाहिला तर तो नीट चालतच नव्हता. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शक बाईंमुळे. त्यांना नुकतं बाळ झालं होतं, त्या घरून काम करत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर एक प्रत होती. तो संगणक चादरींत गुंडाळून गाडीतून जपून स्टुडिओत आणला गेला. तिसरी प्रत, दुसऱ्या गावी. नियम नकळत पाळला गेला होता.

आता चित्रपटाभोवती जे उगवतं त्याकडे वळू. १७ नोव्हेंबर १९७८ रोजी अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर ‘स्टार वॉर्स हॉलिडे स्पेशल’ हा कार्यक्रम एकदाच दाखवला गेला. तो इतका वाईट होता की लुकस यांच्या लुकसफिल्म कंपनीने तो पुढे कधी पूर्ण स्वरूपात बाहेरच आणला नाही. तरी तो आज बघता येतो, कारण त्या रात्री काही घरांत व्हिडिओ रेकॉर्डर चालू होते. ती मुद्रणं जाहिरातींसकट आहेत. सुरुवातीला चाहते जाहिराती कापून टाकत. आता कुणी कापत नाही, कारण १९७८च्या अमेरिकी दिवाणखान्यात त्या रात्री काय विकलं जात होतं, हे त्याच जाहिराती सांगतात.

नव्वदच्या दशकात चाहत्यांची वस्ती इंटरनेटवर हलली. ‘जिओसिटीज’वर कुणालाही फुकट पान मिळायचं आणि ती पानं वाड्यांत वाटलेली होती. विज्ञानकथावाल्यांची वाडी ‘एरिया ५१’. तिथे लोकांनी जहाजांचे नकाशे, पात्रांच्या वंशावळी, स्वतः रचलेल्या पुढच्या कथा मांडल्या, चमचमणाऱ्या जिफ चित्रांसह. २६ ऑक्टोबर २००९ला जिओसिटीजची मालक असलेल्या याहूने तिचं अमेरिकेतलं दुकान बंद केलं. ‘आर्काइव्ह टीम’ नावाच्या स्वयंसेवकांनी त्याआधीचे महिने दिवसरात्र पानं उतरवून घेतली आणि पुढच्या वर्षी सगळं टॉरेंटवर ठेवलं. दाबून भरलेला आकार सुमारे ६४० जीबी. म्हणजे लाखो लोकांची पानं एका चित्रपटाच्या कच्च्या स्कॅनच्या चौदाव्या हिश्शात मावली. अडचण जागेची नव्हती. ही पानं राखण्याजोगी आहेत असं मालकाला वाटलं नाही, एवढंच.

पान उतरवणं म्हणजे नुसता स्क्रीनशॉट नव्हे. इंटरनेट आर्काइव्हसारख्या संस्था वॉर्क नावाच्या स्वरूपात साठवतात. आपल्या यंत्राने काय मागितलं, समोरच्या सर्व्हरने काय दिलं आणि कोणत्या क्षणी, हे सगळं त्यात जसंच्या तसं असतं. म्हणून वेबॅक मशीनमध्ये पान उघडलं की तारीख दिसते. पण पानातली चित्रं दुसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवर असली आणि तिथवर यंत्र पोचलं नाही, तर जागा रिकामी राहते. लॉगिनमागचं तर हातीच लागत नाही. चाहत्यांनी केलेले फ्लॅशचे खेळ आणि कार्टून ३१ डिसेंबर २०२०ला ॲडोबीने फ्लॅश बंद केल्यावर गप्प झाले. त्यांतले बरेच आज ‘रफल’ नावाच्या अनुकरण-प्रणालीमुळे पुन्हा चालतात. इथे फाइल राखणं पुरत नाही, ती चालवणारं जुनं यंत्रही नव्या यंत्रात उभं करावं लागतं.

चाहत्यांच्या कथांचं घर म्हणजे ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’. २००७ साली ‘लाइव्हजर्नल’ या ब्लॉगांच्या संकेतस्थळाने एका झटक्यात शेकडो खाती बंद केली, तेव्हा चाहत्यांनी, त्यांत बहुसंख्य बायका, ठरवलं की आता सर्व्हर आपला हवा. ना-नफा संस्था उभी राहिली, २००९ला संग्रह खुला झाला आणि २०१९ला त्याला विज्ञानकथाविश्वातला ह्यूगो पुरस्कार मिळाला. बंद पडू घातलेले छोटे संग्रह ते आपल्यात सामावून घेतात. त्यांची एक सोय मला फार शहाणी वाटते. पंधराव्या वर्षी लिहिलेल्या कथेची लेखिकेला पुढे लाज वाटली, तर ती कथा ‘अनाथ’ करू शकते. नाव निघून जातं, कथा वाचकांसाठी राहते. जतन करणाऱ्याने सगळंच राखायचं असतं या हट्टाला याहून बरं उत्तर मी पाहिलेलं नाही.

हे सगळं कायद्यात बसतं का? कथांच्या बाबतीत वाद घालता येतो. पूर्ण चित्रपटाच्या बाबतीत सरळ उत्तर आहे, नाही. अमेरिकी कायद्यानुसार ‘स्टार वॉर्स’चे हक्क २०७२ अखेरपर्यंत शाबूत आहेत. हार्मी आणि त्याच्यासारखे लोक सांगतात की अधिकृत प्रत विकत घेतलेल्यांनीच आमची प्रत घ्यावी. तो सभ्यतेचा भाग झाला, परवाना नव्हे. पण पन्नास वर्षं कुणी काहीच केलं नसतं, तर प्रिंटचा व्हिनेगर होऊन गेला असता, हेही खरं. आपल्याकडे ‘शोले’चं असंच झालं. ठाकूर गब्बरला मारतो तो मूळ शेवट १९७५ला सेन्सॉरमुळे बदलला गेला. तो वर्षानुवर्षं चाहत्यांमध्ये व्हिडिओच्या अंधूक प्रतींवर फिरत राहिला आणि अखेर २०२५च्या जीर्णोद्धारात फिल्मवरून स्वच्छ होऊन परतला.

‘स्टार वॉर्स’चंही तसंच होऊ घातलंय. जून २०२५ मध्ये लंडनच्या ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९७७ची टेक्निकलर प्रिंट जाहीरपणे दाखवली आणि २०२७ साली, पन्नाशीच्या निमित्ताने, मूळ आवृत्ती चित्रपटगृहांत आणायची घोषणा लुकसफिल्मने केली आहे. ती आली की चाहते आपल्या स्कॅनशेजारी ठेवून फ्रेमवार ताडणार, हे ठरलेलं. रंग कोणत्या प्रिंटवरून घेतले, रिळांच्या टोकांचं काय केलं, आणि तीन ध्वनिमिश्रणांपैकी कोणतं निवडलं, एवढ्या प्रश्नांची उत्तरं तरी कंपनीला द्यावी लागतील. मोनोवाले सगळ्यात आधी विचारतील.